फिश फाइंडर आणि तारेचा सांधा



डहाणूपासून रेडीपर्यंत आपल्या किनाऱ्यावर कोठेही उभे राहा. मोठ्या ट्रॉलरवर तर आता यंत्रे असतातच. पण वीस-पंचवीस फुटी फायबरच्या होडीवरदेखील तळहाताहून थोडी मोठी अशी एक चौकोनी डबी बसवलेली दिसू लागली आहे. तिला पुढे काचेचा पडदा असतो, आणि त्यावर समुद्राच्या तळाची रेघ सरकत असते. हाच फिश फाइंडर. पुस्तकात त्याला मत्स्यशोधक म्हणतात. परंतु बंदरावर हा शब्द कोणी उच्चारत नाही, म्हणून आपणही फिश फाइंडरच म्हणू.

आजचे माझे बोलणे मात्र त्या डबीविषयी थोडे आणि तिच्या तारांविषयी जास्त आहे. पडदा काळा पडला की आपण चटकन म्हणतो, “यंत्र गेलं.” मग ती डबी काढून शहरात न्यायची, आठवडाभर खोळंबायचे, आणि पुष्कळदा तेथील कारागीर सांगतो, “यंत्र उत्तम आहे, तुमची वायर बघा.” मधल्या दिवसांचा हंगाम गेला तो गेलाच. यासाठी आज एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. डबी क्वचितच बिघडते, बिघडतो तो सांधा. आणि सांधा तपासणे व नीट जोडणे हे तांडेलाच्या, खलाशाच्या, किंबहुना शाळेतल्या मोठ्या मुलाच्याही आवाक्यातले काम आहे.

मी व्यवसायाने विजेचा कारागीर नव्हे. महाविद्यालयात भूगोल शिकवतो. परंतु माझ्या वर्गात बसणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी होडी आहे, आणि भरती-ओहोटीचा धडा फळ्यापेक्षा धक्क्यावर चांगला समजतो, म्हणून माझे तेथे जाणे-येणे असते. तेथील जाणत्या कारागिरांशेजारी बसून जे पाहिले आणि पुस्तकांशी ताडून घेतले, ते सांगतो.

आधी हे यंत्र करते काय, ते पाहू. आपले वाडवडील दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्यात सोडत आणि दोरी किती वाव गेली ते मोजत. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधले अंतर, चार हात, सुमारे सहा फूट. दर्यावर्दी लोक गोळ्याच्या बुडाला चरबी लावत. तिला चिकटून वर आलेली वाळू किंवा चिखल पाहून खाली तळ कसला आहे, ते त्यांना कळे. फिश फाइंडर हेच काम आवाजाने करतो. होडीच्या तळाशी किंवा मागच्या फळीला एक गोळा बसवलेला असतो. त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. नाव मोठे आहे. आपण त्याला ‘कान’ म्हणू. खरे तर तोंडही तोच आणि कानही तोच! तो खाली आवाजाचा ठोका सोडतो, ठोका तळावर आपटून परत येतो, आणि तोच गोळा तो ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. आता गणित करा. तळ १५ मीटरवर असेल, तर जाऊन येऊन ३० मीटर. त्याला लागले सेकंदाचे फक्त पन्नासावे अंश. एवढा वेळ मोजून यंत्र पडद्यावर आकडा लिहिते, “१५”.

मग मासे कसे दिसतात? बहुतेक हाडांच्या माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आवाज जोरात परततो, म्हणून माशांचा थवा तळाच्या वर ठिपक्यांसारखा किंवा कमानीसारखा उमटतो. मुशीला अशी पिशवी नसते, म्हणून तिची खूण तिच्या आकाराच्या मानाने फिकी उमटते. आपल्याला हा आवाज ऐकू येत नाही. कारण आपला कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो, आणि ही यंत्रे सामान्यतः ५०,००० किंवा २,००,००० कंपनांवर चालतात.

या विद्येचा इतिहासही थोडा सांगण्यासारखा आहे. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे फ्रान्समधल्या जाक व प्येर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. उलट बाजूने, वीज दिली की स्फटिक थरथरतो. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ जहाज हिमनगावर आदळून बुडाले, आणि पाण्यातला अडथळा आवाजाने ओळखण्याच्या खटपटींना जोर आला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाणबुड्या हुडकण्यासाठी हाच थरथरणारा स्फटिक वापरला. पुढे जपानमधल्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासेमारीसाठी असे यंत्र बाजारात आणले. म्हणजे युद्धातली विद्या सुमारे तीस वर्षांत कोळ्याच्या होडीवर आली.

आता आपल्या विषयाकडे वळू. या डबीला मुख्यतः दोन वायरी असतात. पहिली ‘जेवणाची’ वायर. ती १२ व्होल्टच्या बॅटरीकडून वीज आणते. तिच्यात लाल तार धन टोकाची आणि काळी ऋण टोकाची. लाल तारेवर, बॅटरीच्या जवळच, एक फ्यूज असतो. दुसरी ‘कानाची’ वायर. ती डबीपासून तळाच्या गोळ्यापर्यंत जाते. तिच्या पोटात बारीक तारा असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची किंवा पत्र्याची जाळी गुंडाळलेली असते. या दोन वायरींचा स्वभाव अगदी वेगळा, म्हणून त्यांची शुश्रूषाही वेगळी. हा भेद ध्यानात ठेवला की निम्मे काम झाले.

वायर बिघडते कशाने? घरातल्या भिंतीत ती वर्षानुवर्षे सुखाने राहते. होडीवर मात्र तिला चहूबाजूंनी शत्रू. फळीच्या काठावर घासून तिचे आवरण फाटते. इंजिनाच्या हादऱ्याने तारेचे तंतू एकेक करून मोडतात. कोणाचा तरी पाय अडकतो, गळ टोचतो, जाळ्याचा दोर ओढतो. पावसाळ्यात होडी शाकारून ठेवली की उंदीर वायर कुरतडतात. पण या सर्वांचा राजा म्हणजे खारे पाणी.

आपल्या आया-आज्या पितळेच्या भांड्याला कल्हई का लावत? बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. धातू आणि आंबट-खारट पदार्थ यांचे जमत नाही. वायरमधल्या तांब्याचेही तेच. आवरणाला सुईएवढे छिद्र पडले की खारे पाणी आत शिरते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे, तसे तंतूंमधून पुढे पुढे चढत जाते. वरून वायर धडधाकट दिसते. सोलून पाहावी, तर आत हातभर काळी-हिरवी पूड! आणि तारेत वीज असेल तर हे आणखी वेगाने होते. कारण ओल्या खारट सांध्यातून वीज झिरपते, आणि झिरपता झिरपता धन टोकाचे तांबे खाऊन टाकते. म्हणून चांगल्या बोटींवर कल्हई केलेल्या तांब्याची तार वापरतात. तिचे तंतू लालऐवजी चंदेरी दिसतात. तिची किंमत थोडी जास्त पडते, पण खाऱ्या हवेत ती कितीतरी अधिक टिकते. दुकानात वायर घेताना टोक सोलून पाहा; चंदेरी दिसली तर तीच घ्या.

आता दोष शोधायचा कसा? वैद्य जसा आधी लक्षणे विचारतो, तसेच येथे करावे. लक्षणे चार प्रकारची.

पहिले : पडदा अजिबात उजळत नाही. मग दोष जेवणाच्या वायरीत किंवा फ्यूजमध्ये शोधा.

दुसरे : पडदा उजळतो, पण लाट आपटली की किंवा इंजिन चालू केले की विझतो. येथेही जेवणाचीच वायर. कोठेतरी सांधा ढिला आहे, किंवा बॅटरी दुबळी आहे आणि इंजिनाचा स्टार्टर तिची सगळी वीज ओढून घेतो.

तिसरे : पडदा स्वच्छ आहे, पण तळाची रेघच नाही. येथे कानाची वायर, तिचा प्लग किंवा खुद्द गोळा तपासा. गोळ्याच्या तोंडावर शेवाळ किंवा शिंपले वाढले असले, तरी असेच होते. म्हणून आधी ते पुसून पाहा.

चौथे : पडद्यावर सर्वत्र ठिपके, तिरप्या रेघा, जणू पाऊस पडतो आहे. इंजिन बंद केले की हा पाऊस थांबतो का पाहा. थांबला, तर इंजिनाच्या विजेचा उपद्रव कानाच्या वायरीत घुसतो आहे असे समजा. तिची जाळी कोठेतरी तुटली असेल, किंवा ती इंजिनाच्या वायरींना चिकटून बांधलेली असेल.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. आधी बॅटरी मोजा. पूर्ण भरलेली, विसावलेली शिशाची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी रिकामी झाली. मग यंत्राच्या टोकाशी मोजा. येथे एक गोम आहे, बरं का. यंत्र काढून नुसत्या वायरीच्या टोकाला मीटर लावले, तर सडका सांधादेखील पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो! मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही, म्हणून एका तंतूवर लटकणारा सांधाही त्याला पुरतो. हा म्हणजे रिकाम्या हाताने चालणारा माणूस. डोक्यावर पाटी दिल्यावर त्याचा पाय लंगडतो की नाही, ते कळते. म्हणून वायरीवर ओझे टाकून मोजा. मोटारसायकलच्या सिग्नलचा १२ व्होल्ट, १० वॅटचा दिवा घ्या, यंत्राच्या जागी जोडा, आणि दिवा पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांवर मीटर लावा. तेवढ्याच वेळात बॅटरीवर १२.५ आणि दिव्यापाशी १०.९ आले, तर मधले १.६ व्होल्ट वाटेत कोणीतरी खातो आहे. मग मीटर एकेका सांध्याच्या अलीकडे-पलीकडे लावत जा. जेथे आकडा एकदम पडतो, तो चोर. पुष्कळ यंत्रांत पडद्यावरच व्होल्टेज दाखवण्याची सोय असते. तो आकडा आणि बॅटरीवरचा आकडा ताडून पाहिला, तरी प्रकृती समजते.

एक सांधा एवढे नुकसान करील का, असे कोणी विचारील. हिशेब पाहा. दीड चौरस मिलिमीटर जाडीची चांगली तांब्याची वायर बॅटरीपासून यंत्रापर्यंत सहा मीटर गेली आणि सहा मीटर परत आली, तर त्या बारा मीटरांचा विरोध साधारण ०.१४ ओहम भरतो. यंत्र एक अँपियर वीज घेत असेल, तर वाटेत फक्त ०.१४ व्होल्ट खर्च झाले. परंतु एकाच गंजलेल्या सांध्याचा विरोध एक ओहम झाला, तर त्या नखाएवढ्या जागेत पूर्ण एक व्होल्ट गेला. बारा मीटर वायरीपेक्षा नखभर सांधा सातपट महाग!

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. जेवणाच्या वायरीपासून सुरुवात करू. पहिले काम, फ्यूज काढा आणि बॅटरीचे काळे, म्हणजे ऋण, टोक सोडवा. काम संपल्यावर तेच टोक सर्वांत शेवटी जोडा. नंतर वायरीचा सडका भाग कापून टाका. येथे काटकसर नको. आत तांबे काळे दिसले, तर चकाकणारे तंतू लागेपर्यंत कापत जा. दोन वितींपर्यंत कापूनही काळेच लागले, तर डागडुजीचा नाद सोडून सबंध वायर नवी घाला.

नवा तुकडा जोडताना टोक सुमारे आठ मिलिमीटर सोला, तंतू तुटू देऊ नका. आणि जोडण्यापूर्वी, लक्षात ठेवा, जोडण्यापूर्वीच वायरीवर स्लीव्ह ओवून ठेवा. सांधा झाल्यावर स्लीव्ह चढवता येत नाही. स्लीव्ह म्हणजे उष्णतेने आकसणारी नळी. तिच्यात आतून गोंदाचा थर असलेली जात मिळते. होडीवर तीच हवी. मग दोन्ही टोके तांब्याच्या जोडनळीत घालून, त्यासाठीच असलेल्या क्रिंपिंगच्या पकडीने दाबा. साध्या पकडीने चेपलेला सांधा चेपलेला दिसतो, धरलेला नसतो. दाबल्यावर दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. निसटणार असेल, तर तो येथे धक्क्यावरच निसटू दे, दर्यात नको.

काही जण विचारतात, नुसते सोल्डर केले तर? घरच्या रेडिओत सोल्डर चांगले. पण होडी सारखी हादरत असते, आणि सोल्डर जेथे संपते तेथे तार ताठर होऊन हादऱ्याने मोडते. म्हणून होडीवर केवळ सोल्डरच्या भरवशावर सांधा ठेवू नये. पकड दाबाची हवी. आणि पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. टेपचा चिकटा उन्हाने वितळतो, पाणी आत जाते, आणि टेपच त्याला बाहेर पडू देत नाही.

सांधा झाला की स्लीव्ह मधोमध आणून गरम हवेने आकसवा. दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब बाहेर आलेला दिसला, की पाण्याची वाट बंद झाली. हे काम पेट्रोलच्या टाकीपासून दूर, शक्यतो किनाऱ्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते आणि ठिणगीची वाट पाहत बसते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतूनही पेटणारा वायू निघतो. म्हणून तेथे काडी ओढून सांधा शेकणे म्हणजे गवताच्या गंजीत बसून विडी ओढणे.

लाल आणि काळ्या तारेचे सांधे समोरासमोर ठेवू नका. तीन-चार बोटांचे अंतर ठेवा, म्हणजे एकमेकांना टेकण्याची भीती नाही. लाल तार लाललाच, काळी काळीलाच. उलट जोडले तर यंत्राला इजा होऊ शकते. वायर दर हातभर अंतरावर पट्टीने बांधा. फळीतून जाते तेथे भोकाला रबराची कडी बसवा. आणि यंत्राकडे चढण्यापूर्वी वायरीला खाली एक लहानसा झोल द्या. वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोलाच्या बुडाशी टपकते, यंत्राच्या प्लगात शिरत नाही. पागोळीचे पाणी भिंतीपासून दूर पडावे म्हणून आपण छप्पर पुढे काढतो, तोच हा न्याय.

आता कानाच्या वायरीकडे. हिच्यातून जाणारा ठोका कित्येक यंत्रांत शेकडो व्होल्टचा असतो, म्हणून यंत्र चालू असताना हिला हात लावू नये. परत येणारा प्रतिध्वनी मात्र व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतो. एवढा नाजूक निरोप सांभाळायचा, म्हणून ती जाळी. तेव्हा पहिला नियम, ही वायर होता होईतो कापू नका. लांब पडली, तर जास्तीची वायर सैल गुंडाळून बांधून ठेवा. आधी प्लग काढून त्याच्या पिना पाहा. पुष्कळदा तेवढ्यातच मिठाचा थर सापडतो. गोड्या पाण्याने ओला केलेला फडका फिरवा, पूर्ण वाळवा, प्लग घट्ट बसवा, आणि यंत्र चालू करून पाहा. गोळा हवेत धरून कानाजवळ नेला, तर पुष्कळ यंत्रांत बारीक टिकटिक ऐकू येते. ती आली, तर ठोका तेथवर पोचतो आहे. एवढे पाहून यंत्र बंद करा. गोळा पाण्याबाहेर फार वेळ चालवू नये.

वायर खरोखरच तुटली असेल, तर उत्तम मार्ग म्हणजे वायरीसकट नवा गोळा बसवणे. ते लगेच जमत नसेल, तर जोडता येते, पण प्रत्येक आतली तार तिच्याच रंगाच्या तारेला, प्रत्येक सांध्यावर वेगळी स्लीव्ह, सांधे एकमेकांपासून मागेपुढे, आणि जाळीला जाळी अखंड जोडलेली. जाळी राहिली, तर यंत्र चालेल, पण पडद्यावर तो पाऊस सुरू होईल. या सर्वांवर आणखी एक मोठी स्लीव्ह चढवा. असा सांधा होडीच्या तळातल्या पाण्याजवळ ठेवू नका. वर, कोरड्या जागी ठेवा. आणि ही वायर इंजिनाच्या व वायरलेसच्या वायरींपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्या.

फ्यूजविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे. कारण येथे प्रश्न माशांचा नाही, माणसांचा आहे. यंत्राच्या पुस्तिकेत लिहिला असेल तेवढ्याच अँपियरचा फ्यूज घाला. लहान यंत्रांना तो पुष्कळदा तीन अँपियरचा असतो. फ्यूज जळतो तेव्हा तो खोडी करीत नसतो; पुढे कोठेतरी दोन तारा टेकल्या आहेत, हे सांगत असतो. त्याच्या जागी सिगारेटचा चांदीचा कागद किंवा तांब्याची तार घातली, की सांगणाऱ्याचे तोंड बंद झाले. मग बॅटरीची सारी शक्ती त्या तारेतून वाहते, तार लाल होते, आवरण पेटते. घराला आग लागली तर माणूस अंगणात धावतो. होडीला आग लागली तर अंगण कोठे आहे? म्हणून दोन जादा फ्यूज कोरड्या डबीत नेहमी ठेवा. तेही संपले, तर यंत्र बंद ठेवा, होडी जपा.

येथे एका वृद्ध तांडेलांचे म्हणणे सांगतो. ते मला म्हणाले, “सर, आमचा आजा शिसं टाकून वाव मोजायचा. त्याला कुठं वायर होती?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. आजोबांच्या डोक्यात खडपांचा आणि खाडीच्या मुखाशी सरकणाऱ्या वाळूचा नकाशा होता. परंतु आज आपण यंत्राच्या आकड्यावर विसंबून अंधारात खाडीत शिरतो. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून मासे मिळण्याच्या संभाव्य जागांची माहिती येते, तिच्यात दिशा आणि अंतर यांबरोबर पाण्याची खोलीही दिलेली असते. ती खोली ओळखायची, तर आकडा विश्वासाचा हवा. ज्याच्यावर विसंबायचे, त्याची निगा आपणच राखली पाहिजे. आणि तो अकस्मात अंध झाला, तर खुणा केलेली दोरी व वजन होडीत असलेच पाहिजे. नव्याने जुन्याला हुसकून लावावे असे थोडेच आहे? दोघांनी एका होडीत बसावे.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत यंत्र काढून घरी कोरड्या जागी ठेवा, बॅटरीही घरी आणून अधूनमधून चार्ज करा, आणि होडीवर राहणाऱ्या वायरींची टोके प्लास्टिकने घट्ट बांधा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करण्यापूर्वी एक सकाळ सांध्यांसाठी राखून ठेवावी, असे मी सुचवीन. दिवा लावा, मीटर लावा, आकडे एका वहीत लिहून ठेवा. पुढल्या वर्षी त्याच जागी आकडा घसरला, तर सांधा मोडण्यापूर्वीच तो तुमच्याशी बोलेल.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. ओहमचा नियम आपण मुलांकडून घोकून घेतो. तोच नियम धक्क्यावरच्या प्रत्येक होडीत जिवंत आहे. वर्गात एक सोपा प्रयोग करा. काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी घ्या, त्यात तांब्याच्या दोन तारा एकमेकींना न टेकतील अशा सोडा, आणि त्यांना टॉर्चचे तीन सेल जोडा. घरातल्या विजेचा येथे काहीएक संबंध नको, आणि खिडक्या उघड्या असाव्यात. थोड्या वेळाने एका तारेवर बुडबुडे दिसतील, पाणी गढूळ, रंगीत होऊ लागेल. ते पाणी नंतर हात न लावता टाकून द्या. दुसऱ्या दिवशीही प्रयोग चालू ठेवला, तर धन टोकाची तार बारीक झालेली दिसेल. दुसऱ्या पेल्यात एक पीळ देऊन टेप लावलेला सांधा आणि एक गोंदाच्या स्लीव्हचा सांधा बुडवून ठेवा, आणि दर आठवड्याला दोन्ही कोरडे करून मोजा. आकडे मुलांनाच लिहू द्या. कोणता सांधा बापाच्या होडीवर असावा, हे मग शिक्षकाने सांगावे लागणार नाही.

विद्या महाग यंत्रात असते, असे आपल्याला उगीचच वाटते. यंत्र बनवणारा दूर देशी असेल, पण ते खाऱ्या वाऱ्यात चालते ठेवणारा माणूस आपल्याच गावात हवा. गावात दहा होड्या असतील, तर एक मीटर, एक क्रिंपिंगची पकड आणि स्लीव्हचा एक पुडा सर्वांनी मिळून घ्यावा, आणि दोन तरुणांनी ते काम हाताखाली घ्यावे. पुढच्या वेळी पडदा काळा पडला, की “यंत्र गेलं” म्हणण्याआधी त्यांनी फ्यूज पाहावा, दिवा लावावा, सांधा शोधावा. पुष्कळदा त्याच संध्याकाळी होडी पुन्हा पाण्यात गेलेली दिसेल.